वसईची जुनी पाठशाळा

ज्युबिलीचा प्रसंग जसा आनंदाचा, तसाच तो हिशेबाचाहि असतो. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष पवित्र मानावें अशी आज्ञा आहे. आणि ज्यानें गरजेपोटीं आपली वडिलोपार्जित जमीन दुसऱ्याच्या हवालीं केली असेल, त्याला ती त्या वर्षीं परत मिळावी, असा नियम तेथें घालून दिला आहे. ज्युबिली ह्या शब्दाचें मूळ त्याच नियमांत आहे. तेव्हां आपल्या पॅरिशीच्या ह्या मंगल वर्षीं आपली वडिलोपार्जित मिळकत कोणती, तींतील किती आपल्या हातीं राहिली आणि किती हातची गेली, हें पाहणें योग्यच होय. इगर्जी, तिच्या भोंवतालची जमीन, सणवार, चालीरीति, इकडे आपलें लक्ष सहज जातें. परंतु विद्या हीहि आपली एक मिळकत आहे. आणि ती आपल्या भागांत किती जुनी आहे, ह्याची कल्पना आपल्यांतील पुष्कळांस नसते. म्हणून ह्या लेखांत वसईच्या जुन्या ख्रिस्ती पाठशाळेची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

ती पाठशाळा आज नाहीं. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, पाद्र्यांच्या इगर्जीची उंच दर्शनी भिंत अजून उभी आहे. तिच्या शेजारच्या विद्यालयाचे भग्न अवशेष मात्र राहिले आहेत. छप्पर गेलें, वर्ग गेले, मुलांस बोलावणारी घंटा गेली. तथापि सुमारें एकशें नव्वद वर्षें चाललेल्या ह्या संस्थेच्या हकीकतींत आजच्या आईबापांनीं ध्यानांत घ्यावी अशी एक गोष्ट आहे. राजसत्तेच्या बळावर जें उभें होतें, तें राजसत्तेबरोबर एका उन्हाळ्यांत गेलें. आणि जें लोकांच्या जिभेवर व घरांत रुजलें होतें, तें अनेक आपत्तींतून टिकून राहिलें. ही गोष्ट आतां क्रमानें सांगूं.

पाठशाळेची स्थापना

गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्यानें ता. २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह करून वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढें ह्या बाजूच्या त्यांच्या सर्व ठाण्यांस मिळून ‘उत्तर प्रांत’ असें नांव पडलें, आणि वसई हें त्या प्रांताचें मुख्य शहर झालें. किल्ल्याच्या कोटांत १५४६ सालीं संत योसेफाची इगर्जी बांधण्यांत आली. तिचा विस्तार पुढें १६०१ सालीं झाला.

शिपाई व व्यापारी ह्यांच्या मागोमाग धर्मगुरु आले. त्यांत प्रथम मान फ्रान्सिस्कन संघाचा. त्या संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो ह्यांनीं वसई व साष्टी ह्या दोन्ही बाजूंस इगर्ज्या उभारल्या, आणि आजच्या बोरीवलीजवळ मंडपेश्वर येथें मुलांकरितां विद्यालयहि काढलें. मंडपेश्वराच्या टेकडीवर त्याचे अवशेष अद्यापि पाहावयास मिळतात.

येशूसंघीयांचें पाऊल वसईंत पडलें तें संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्यामुळें. ते ता. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. गोव्यांत त्यांचा क्रम असा असे कीं, हातांत लहान घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, मुलें व गुलाम जमवीत, आणि त्यांना धर्मशिक्षण गाण्याच्या चालीवर पाठ करून घेण्यास लावीत. मुलांनीं तेंच घरीं जाऊन म्हणावें, म्हणजे आईबापांच्या कानांवरहि तें पडेल, हा त्यांतील हेतु. पुस्तकें नसलेल्या काळांत लोकांस शिकविण्याची ह्याहून सोपी युक्ति दुसरी नव्हती. गव्हर्नरांची भेट घेण्याकरितां झेवियर १५४४ च्या अखेरीस व पुन्हां १५४८ सालीं वसईस आले होते. येथील ख्रिस्ती समाज त्यांनीं पाहिला, त्याला शिक्षक हवेत हें जाणलें, आणि १५४९ च्या सुमारास आपल्या संघाचे फादर मेल्क्योर गोन्साल्विस ह्यांस वसईस धाडलें. येशूच्या पवित्र नामाला वाहिलेली इगर्जी व तिच्याशीं जोडलेलें विद्यालय ह्यांचा आरंभ येथून होतो.

एक गोष्ट येथें उघडपणें सांगितली पाहिजे. ह्या कार्याचा खर्च पोर्तुगालच्या राजाच्या उत्पन्नांतून चाले. आणि वसईंत पूर्वीं मशिदींकडे लागलेलें उत्पन्नहि ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यांत आलें होतें. त्या काळचे सर्वच राजे असें करीत, हें खरें. तरीहि इतरांच्या उपासनास्थानांचें उत्पन्न घेऊन चालविलेल्या कार्याविषयीं आज आपणांस संकोच वाटावा, हें उचितच होय. इतिहासांत जें झालें तें झांकून ज्युबिली साजरी करतां येत नाहीं. शिवाय ह्याच गोष्टींत त्या संस्थेच्या पुढील अंताचें बीज होतें, हें लवकरच दिसून येईल.

तेथें काय शिकवीत

त्या काळीं ‘कॉलेज’ हा शब्द आजच्या अर्थानें वापरीत नसत. पाद्री जेथें एकत्र राहत, जेथून आसपासच्या गांवांत उपदेशासाठीं जात, आणि जेथें मुलांस शिकवीत, त्या सर्व संस्थेला मिळून कॉलेज म्हणत. अशा ठिकाणीं लहान मुलांस प्रार्थना, धर्मप्रश्नोत्तरें, वाचन, लेखन, हिशेब व गायन शिकवीत; पुढें गेलेल्यांस लॅटिन व्याकरण सांगत. जगभरच्या आपल्या सर्व शाळांचा शिक्षणक्रम येशूसंघानें १५९९ सालीं एका ग्रंथांत निश्चित केला: कोणत्या वर्गांत काय शिकवावें, पाठ कसा घ्यावा, चढाओढ कशी लावावी, शिक्षा केव्हां करावी व केव्हां करूं नये, इतकें सर्व त्यांत बारकाईनें सांगितलें आहे.

ह्या शाळांचा आणखी एक नियम होता, आणि तो विसरण्यासारखा नाहीं. तेथें विद्यार्थ्यांकडून फी घेत नसत. खर्च दानांतून वा नेमून दिलेल्या उत्पन्नांतून भागवावयाचा. मुलाच्या बापाच्या थैलीकडे पाहावयाचें नाहीं, असा संघाच्या संस्थापकांचा, म्हणजे संत इग्नासियुस लोयोला ह्यांचा, कटाक्ष होता. आज शाळेंत मुलाचें नांव घालतांना बापाच्या कपाळीं ज्या आंठ्या पडतात, त्या पाहिल्या म्हणजे ह्या नियमाचें मोल कळतें.

शिक्षणाची मुख्य भाषा मात्र पोर्तुगीज, आणि वरच्या वर्गांत लॅटिन. शेतांत, वाडींत, समुद्रावर लोक बोलत ती आपली मराठी बोली. आणि शाळेची व दरबाराची भाषा निराळी. ह्या दुहेरीपणाचा परिणाम पुढें सर्व इतिहासांत दिसून येतो.

शाळेचा एक विद्यार्थी

कोणत्याहि शाळेची परीक्षा तिच्या विद्यार्थ्यांवरून करावी. ह्या पाठशाळेंतून किती मुलें शिकून गेलीं, त्यांचीं नांवें आज आपल्यापुढें नाहींत. परंतु एक नांव सर्व जगाला ठाऊक आहे.

गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई भागांत झाला. बाप पोर्तुगीज, आई ह्याच कोंकणची. म्हणजे घरीं एक भाषा आईची, एक बापाची. आणि दोन्ही जगांत वावरण्याची संवय लहानपणापासूनची. येशूसंघीयांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण वसईंत झालें. पंधरासोळा वर्षांचे असतांना ते आपले गुरु फादर सेबास्तियांव गोन्साल्विस ह्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथें त्यांनीं जपानी भाषा अशी आत्मसात् केली कीं, धर्मशिक्षक ह्या नात्यानें ते लोकांत सहज मिसळूं लागले. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. मग त्यांनीं कांहीं काळ व्यापार केला आणि त्यांत त्यांचें चांगलें बस्तान बसलें. परंतु मन तेथें रमेना. मनिला येथें जाऊन त्यांनीं फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश घेतला; तोहि धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून.

१५९३ सालीं फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील ह्या नात्यानें फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानास गेले, तेव्हां त्यांचे दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर होते. जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी ह्याच्यापुढें बोलणें करावयाचें काम ह्या वसईकराकडे आलें. पुढें १५९६ सालीं ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें, त्या प्रकरणांतून राजाचा कोप झाला, आणि डिसेंबरांत धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांचे कान कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, कडाक्याच्या थंडींत त्यांना नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें, आणि ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते, आणि सतरा साधे जपानी ख्रिस्ती होते. कांहीं तर बारा ते चौदा वर्षांचीं मुलें होतीं.

पोप आठवे उर्बान ह्यांनीं १६२७ सालीं ह्या हुतात्म्यांस धन्य म्हणून जाहीर केलें, आणि पोप नववे पायस ह्यांनीं ता. ८ जून १८६२ रोजीं त्यांना संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोंचलेले गोन्सालो गार्सिया हे पहिले.

आतां विचार करावा. ह्या विद्यार्थ्याला शाळेनें दिलें काय? मोठी पदवी दिली नाहीं. पदव्या तेथें नव्हत्याच. श्रद्धेचे पाठ दिले, अक्षर दिलें, आणि परक्या माणसाची भाषा शिकून त्याच्या अंतःकरणापर्यंत जाण्याचें धैर्य दिलें. आईची बोली ज्याच्या जिभेवर पक्की बसली आहे, त्याला दुसऱ्या भाषेचें भय वाटत नाहीं, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

लोकभाषेचा प्रश्न

परकी भाषा शिकविणाऱ्या शाळा चालू असतांच कांहीं धर्मगुरूंनीं लोकांच्या भाषेचें महत्त्व ओळखलें होतें. त्यांत अग्रगण्य फादर थॉमस स्टीफन्स. हे जातीचे इंग्रज. १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें बहुतेक आयुष्य गोव्याच्या साष्टींत गेलें. (ती साष्टी निराळी, व आपल्या ठाण्यामुंबईची साष्टी निराळी, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.) नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांस आपल्या जुन्या पुराणांच्या जागीं वाचावयास कांहींतरी हवें होतें, त्यांच्यासाठीं स्टीफन्स ह्यांनीं मराठी ओवींत ‘क्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापून निघालें, आणि त्याच शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ इगर्जींतून व घरांतून वाचला जाई.

आपल्या उत्तर कोंकणालाहि असा ग्रंथ लाभला. फादर फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस ह्यांचें ख्रिस्तचरित्रपर पुराण १६५९ सालचें. त्याची भाषा वसईकडील बोलीला जवळची आहे. एकोणिसाव्या शतकांत तें मुंबईंत पुन्हां छापावें लागलें, ह्यावरून तें लोकांच्या वापरांत किती काळ होतें हें सहज कळतें. जवळ जवळ दोनशें वर्षें जुना ग्रंथ लोक मागत होते, कारण तो त्यांना समजत होता.

उलट बाजूचा प्रकारहि सांगितला पाहिजे. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं आपली देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलण्यास लागावें. हुकुमानें भाषा मरत नाहीं, तशी ती मेलीहि नाहीं. पण असल्या हुकुमामुळें आपली बोली ही हलकी व साहेबाची भाषा ती उंच, अशी समजूत मात्र लोकांच्या मनांत घर करून बसते. पोर्तुगीज गेले, तरी ती समजूत आपल्या घरांतून पुरती गेलेली नाहीं.

१७३९ सालचा उन्हाळा

सतराव्या शतकांत वसईवर अनेक आपत्ती आल्या. १६१८ च्या मे महिन्यांतील भयंकर वादळानें वसईमुंबईकडील इमारतींचें फार नुकसान झालें. तीं कामें पुन्हां उभारलीं गेलीं. परंतु १७३९ सालीं जें पडलें तें पुन्हां उभें राहिलें नाहीं.

चिमाजी आप्पा ह्यांच्या हाताखालील मराठ्यांच्या सैन्यानें वसईस वेढा दिला. महिनोगणती लढाई होऊन, दोन्हीकडील पुष्कळ माणसें पडून, मे महिन्याच्या मध्यास पोर्तुगीजांनीं किल्ला खालीं करण्याचें कबूल केलें. अटी उदार होत्या. जे जाऊं इच्छीत त्यांना सामानासुमानासह जाऊं द्यावें, आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्यास मोकळीक असावी, असें ठरलें. मराठ्यांनीं हा शब्द बहुतांशीं पाळला, हें कृतज्ञतापूर्वक नमूद केलें पाहिजे. परंतु गोरे पाद्री गेले, राजाचें उत्पन्न बंद झालें, आणि शाळेचा आधारच नाहींसा झाला. इगर्ज्यांच्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांतील व वांईजवळ मेणवली येथील घंटा त्यांपैकींच मानल्या जातात. ज्या घंटा एके काळीं वसईच्या ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेस बोलावीत, त्या आज दुसऱ्या भाविकांना बोलावीत आहेत. ह्यांत विषाद मानण्याचें कारण नाहीं. परमेश्वराच्या नांवानें वाजणारी घंटा मुकी झाली नाहीं, इतकें पुरे.

येशूसंघावर तर ह्यानंतर मोठेंच संकट आलें. १७५९ सालीं पोर्तुगालच्या राजानें त्यांना आपल्या सर्व मुलुखांतून हद्दपार केलें, आणि १७७३ सालीं पोप चौदावे क्लेमेंट ह्यांनीं संघच विसर्जित केला. १८१४ सालीं पोप सातवे पायस ह्यांनीं तो पुन्हां स्थापन करीपर्यंत, वसईची शाळा पुन्हां उघडावयास कोणी मागें उरलेंच नव्हतें.

मागें काय राहिलें

अशा स्थितींत सर्व कांहीं संपावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं. फ्रेंच प्रवासी आंकतील द्यु पेराँ हा १७६० च्या सुमारास साष्टींतून गेला. तेव्हां तेथें मराठ्यांचा अंमल होता, तरी इगर्जींतून देशी धर्मगुरु मोकळेपणानें उपासना चालवीत आहेत व लोक सणास जमत आहेत, असें त्याच्या दृष्टीस पडलें. गोऱ्या पाद्र्यांच्या हातून निसटलेली दोरी आपल्याच वर्णाच्या धर्मगुरूंनीं धरली होती.

आणि त्यांच्या जोडीला होते पॅरिशींतील गुरुजी. पोर्तुगीज भाषेंत त्यांना ‘मेस्त्र’ म्हणत. इगर्जीच्या ओट्यावर वा एखाद्या खोलींत पांचपंचवीस मुलें जमवून हे गुरुजी प्रार्थना पाठ करून घेत, रोमन अक्षरें गिरवून घेत, स्वर शिकवीत, व्हायोलिन हातीं देत. सणाच्या मिस्सेला गावयाचें तें त्यांच्याच मुलांनीं. पगार तुटपुंजा, विद्या बेताची, आणि मान गांवाच्या मर्जीवर. ह्या गुरुजींची नांवें कोणत्याहि शिलालेखांत नाहींत. परंतु किल्ल्यांतील दगडी विद्यालय पडल्यावर विद्येचा निखारा जर कोणी राखेखालीं धगधगत ठेवला असेल, तर तो ह्यांनीं. आणि त्यांच्या बरोबरीनें संध्याकाळीं घरांत रोझरी सांगणाऱ्या आमच्या आज्यापणज्यांनीं.

एकोणिसावें शतकहि सुखाचें गेलें नाहीं. १८१८ सालीं पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल कायम झाला. परंतु कॅथलिक मंडळींत गोव्याच्या आर्चबिशपांची सत्ता मानावी कीं रोमहून नेमलेल्या बिशपांची, ह्यावर मोठा वाद माजला. ज्या पैशानें व उत्साहानें शाळा निघाव्या, तो त्या भांडणांत खर्च झाला. १८८६ सालच्या करारानें वसई भाग दमणच्या बिशपांकडे सोंपविला गेला. १९२८ नंतर तो मुंबईच्या आर्चडायोसिसला जोडला गेला. आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

मधल्या काळांत येशूसंघीय पुन्हां आले. १८५८ सालीं मुंबईचें मिशन त्यांच्या हातीं देण्यांत आलें. संत गोन्सालो ह्यांना संतपद मिळालें त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६३ सालीं, वांद्र्यास संत स्टॅनिस्लासची शाळा निघाली, आणि १८६९ सालीं मुंबईंत संत झेवियरचें विद्यालय सुरू झालें. १८६४ सालीं मुंबईहून उत्तरेकडे रेल्वे धांवूं लागली होती. त्यामुळें वसईचा होतकरू मुलगा शिक्षणासाठीं मुंबईकडे जाऊं शकला. मात्र आतां शाळेंतील पोर्तुगीजची जागा इंग्रजीनें घेतली होती. पुन्हां तोच दुहेरीपणा: शाळेची भाषा एक, घरची एक. मुंबई व साष्टीकडील आपले पुष्कळ बांधव इंग्रजीकडे वळले. वसईच्या वाड्यांतून मात्र सामवेदी, वाडवळी, कोळी बोली चालूच राहिल्या, आणि प्रार्थना व गाणीं मराठींत होत राहिलीं.

त्या टिकलेल्या मुळाला किती मोठें झाड आलें, हें आपल्याच काळांत दिसलें. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं वसईहून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन पुष्कळ वर्षें केलें, बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. एका कॅथलिक धर्मगुरूला सबंध महाराष्ट्रानें हा मान दिला. ज्या समाजाला १६८४ सालीं आपली भाषा तीन वर्षांत विसरावयास सांगितलें होतें, त्या समाजाचें ह्याहून चांगलें उत्तर कोणतें असूं शकेल?

आपला हिशेब

धर्मबंधूंनो व भगिनींनो, आतां ज्युबिलीच्या नियमाकडे वळूं. वडिलोपार्जित मिळकत परत मिळावी, असा तो नियम. जुन्या पाठशाळेची जी दगडी मिळकत होती ती गेली. ती परत मागावी अशी इच्छाहि नको. परंतु दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्या कोणी हिरावून घेतलेल्या नाहींत. त्या आपणच आपल्या हातांनीं गहाण टाकीत आहोंत.

पहिली, घरची भाषा. मराठी माध्यमाचे वर्ग लहान होत चालले आहेत, हें आपण सर्वजण पाहत आहोंत. मुलानें इंग्रजी शिकावें, ह्यांत कांहींच वावगें नाहीं; संत गोन्सालो ह्यांनीं तर जपानी शिकली. परंतु इंग्रजीसाठीं आईची बोली टाकावी लागते, ही समजूत खोटी आहे. ज्या मुलाला आपल्या आजीची प्रार्थना कळत नाहीं, तें मूल शिकलें खरें, पण त्याच्या हातून एक वारसा सुटला. शाळेंत तें जी भाषा शिको ती शिको. संध्याकाळच्या रोझरीला, जेवतांना, भांडतांना व समजूत घालतांना घरांत आपली बोली राहिली पाहिजे. ती राखण्यास पैसा लागत नाहीं. आईबापांच्या निश्चयानेंच ती राहते.

दुसरी, गरिबाच्या मुलासाठीं उघडें दार. त्या जुन्या शाळा फी घेत नसत. आजच्या शाळा फीशिवाय चालणार नाहींत, हें सर्वांस समजतें. शिक्षकांना पगार हवा, इमारतीला डागडुजी हवी. परंतु ख्रिस्ताच्या नांवाच्या शाळेच्या दारांतून एखादें हुशार मूल, मग तें कोणत्याहि जातीधर्माचें असो, केवळ पैशावांचून परत फिरूं नये, इतकी काळजी पॅरिशीला घेतां येईल. ज्युबिलीच्या रोषणाईस व मेजवानीस जितका पैसा आपण आनंदानें देतों, त्याचा एक वांटा अशा मुलांच्या फीसाठीं बाजूस काढून ठेविला, तर ह्या वर्षाचें पुण्य रोषणाई विझल्यावरहि मागें राहील.

वसईंत आज संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या नांवाचें महाविद्यालय आहे. तेथें सर्व धर्मांचीं मुलेंमुली एकत्र शिकतात. ज्या शाळेनें त्यांना शिकविलें तिचें छप्पर कधींच गेलें. विद्यार्थ्याच्या नांवानें मात्र नवीन दार उघडलें. राजा, उत्पन्न व तटबंदी ह्यांना जें साधलें नाहीं तें एका शिकलेल्या, श्रद्धाळू मुलानें साधलें. आपल्या पॅरिशीच्या वर्गांत आज बसलेल्या मुलांपैकीं कोणाच्या हातून परमेश्वर असें कार्य करून घेईल, हें आपणांस ठाऊक नाहीं. म्हणून प्रत्येक मूल त्या योग्यतेचें समजून त्याला शिकविणें, हेंच आपलें काम.

संत गोन्सालो आपल्या शाळांसाठीं, शिक्षकांसाठीं व मुलांसाठीं विनंती करोत, आणि परमेश्वर आपल्या ह्या ज्युबिली वर्षाला पुढील पिढ्यांत फळ देवो, हीच प्रार्थना.